मागे लागून दिलेलं वेगाचं तिकीट (पेसिंग): कॅलिफोर्नियातल्या मराठी चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बे एरिया, सॅक्रामेंटो, लॉस एंजेलिसकडच्या मराठी मंडळींकडून वेगाच्या तिकिटांबद्दल सतत विचारणा होते. रडारची माहिती हवी तेवढी मिळते. पण पोलिसांची गाडी मागे लागली आणि तिच्याच स्पीडोमीटरवरून आपला वेग ठरवला गेला, तर काय करायचं हे सांगणारं मराठीत फारसं सापडत नाही. म्हणून तेच तेच विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे सगळं कॅलिफोर्नियाच्या कायद्याबद्दल आहे. इतर राज्यांसाठी प्र. १९ पाहा. तुमचं प्रकरण गंभीर असेल तर वकील गाठा.

१. रडार नव्हतं, लेझर नव्हतं. मग माझा वेग कळला कसा?

पेसिंग करून. अधिकारी तुमच्या मागे ठरावीक अंतर ठेवून गाडी चालवतो आणि स्वतःच्या स्पीडोमीटरवरचा आकडा बघतो. दोन गाड्यांमधलं अंतर कमी-जास्त होत नसेल तर दोघांचा वेग सारखाच. हा पुरावा कॅलिफोर्नियात चालतो, रडारची गरज नसते.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिकिटावरचा आकडा तुमच्या गाडीचा नाही, त्याच्या गाडीचा आहे. तो तुमच्या नावावर चढतो तो केवळ 'अंतर सारखं होतं' या एका विधानाच्या जोरावर. त्यामुळे पेसिंगचं तिकीट लढवायचं म्हणजे मुख्यतः त्या विधानाची तपासणी करायची.

२. मागे दिवे लागले की नेमकं काय करायचं?

उजवा इंडिकेटर देऊन सुरक्षित जागी कडेला थांबा. गाडीतून उतरू नका. आपल्याकडे पोलिसाने अडवलं की खाली उतरून बोलायची रीत आहे, इथे तो धोका समजला जातो. हात स्टीअरिंगवर ठेवा, कागद काढायचे असतील तर आधी सांगा. पैशांची भाषा चुकूनही काढू नका.

"किती वेगाने चालला होतात, कल्पना आहे?" हा प्रश्न बहुतेक येतोच. "साधारण पंचाहत्तर असेल" असं भाबडेपणाने सांगितलं की ते टिपणात जातं आणि कोर्टात तुमची कबुली म्हणून वाचलं जातं. खोटं बोलू नका, पण उत्तर देण्याचं बंधनही नाही. "त्याबद्दल मला काही बोलायचं नाही" एवढं नम्रपणे पुरतं.

अधिकारी निघून गेला की सुरक्षित जागी थांबून सगळं लिहून काढा: दिवे पहिल्यांदा आरशात कुठे दिसले, कोणती लेन, मध्ये किती गाड्या, चढ-उतार, वळणं, उजेड, पाऊस. दोन महिन्यांनी यातलं काही आठवत नाही.

३. मी तिकिटावर सही केली. म्हणजे गुन्हा कबूल केला का?

नाही. ती सही म्हणजे 'ठरलेल्या तारखेपर्यंत कोर्टाला उत्तर देईन' एवढंच वचन. उलट सही नाकारली तर अधिकारी अटक करू शकतो.

४. तिकिटावरचा कलम क्रमांक इतका महत्त्वाचा का?

कारण बचाव काय घ्यायचा ते त्यावर ठरतं. इथे घाई करू नका.

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातलं कलम २२३४९ म्हणजे कमाल मर्यादा: बहुतेक फ्रीवेवर ताशी ६५ मैल, दुभाजक नसलेल्या दोन लेनच्या रस्त्यावर ५५. कलम २२३५६ म्हणजे ७० ची पाटी असलेले पट्टे, उदाहरणार्थ आय-५ चा सेंट्रल व्हॅलीतला मोठा भाग. या दोन्हींत मर्यादा ठाम असते. 'रस्ता मोकळा होता, कुणाला धोका नव्हता' हे खरं असलं तरी उपयोगाचं नाही. एक मैल जास्त असला तरी उल्लंघनच.

कलम २२३५० वेगळं आहे. ते म्हणतं की परिस्थितीला धरून सुरक्षित वेगाने चालवा. गावातल्या रस्त्यांवरची बरीच तिकिटं या कलमाखाली येतात. तिथे पाटीपेक्षा जास्त वेग प्रथमदर्शनी बेकायदा मानला जातो, पण त्या वेळी तो सुरक्षित होता हे पुराव्यानिशी दाखवायची संधी तुम्हाला असते. कोरडा रस्ता, लख्ख ऊन, तुरळक वाहतूक, पादचारी नाहीत, या गोष्टी इथे मोलाच्या ठरतात.

कलम २२३४८(ब) म्हणजे ताशी १०० मैलांच्या वर. त्याचं प्र. ५ मध्ये.

५. दंड किती आणि पॉइंट किती?

मर्यादेपेक्षा १ ते १५ मैल जास्त असेल तर मूळ दंड ३५ डॉलर, १६ ते २५ असेल तर ७०, २६ च्या पुढे १००. पण त्यावर राज्य आणि काउंटीचे अधिभार चढतात, म्हणून ३५ चे शेवटी दोनशेच्या वर जातात. एवढी रक्कम झेपणारी नसेल तर 'मायसाइटेशन्स' या राज्याच्या ऑनलाइन सोयीतून कमी करून मागता येते. हा अर्ज करताना लाज वाटायचं काहीच कारण नाही.

साध्या वेगाच्या तिकिटाला एक पॉइंट. तो डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन-परवाना खात्याच्या) नोंदीत ३९ महिने राहतो. १२ महिन्यांत चार, २४ मध्ये सहा किंवा ३६ मध्ये आठ पॉइंट झाले तर परवानाच धोक्यात येतो. १०० मैलांच्या वरच्या तिकिटाला दोन पॉइंट, मूळ दंड ५०० डॉलरपर्यंत, आणि कोर्ट पहिल्याच वेळी ३० दिवस परवाना स्थगित करू शकतं. तसं तिकीट असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि ट्रॅफिकच्या वकिलाला फोन करा.

६. लढू की ट्रॅफिक स्कूल करून मोकळा होऊ?

ट्रॅफिक स्कूल (वाहतूक नियमांचा छोटा अभ्यासक्रम) केलं तर दंड आणि फी भरावी लागते, पण पॉइंट विमा कंपनीला दिसत नाही. १८ महिन्यांतून एकदाच ते मिळतं. मर्यादेपेक्षा २५ मैलांहून जास्त वेग लिहिला असेल तर कोर्टाचा कारकून ते देऊ शकत नाही, न्यायाधीशाकडेच मागावं लागतं.

माझं मत असं: वेग खरोखर जास्त होता, अधिकारी बराच वेळ नीट मागे होता आणि तिकीट २५ मैलांच्या आतलं आहे, तर ट्रॅफिक स्कूल करा. तो चांगला सौदा आहे. पण अधिकारी दुरून झपाट्याने येऊन थेट दिवे लावता झाला असेल, किंवा आकडा २५ च्या थोडा वर असेल, तर लढण्यात अर्थ आहे. आणि लढून हरलात तरी केवळ 'गुन्हा नाकबूल केला' म्हणून न्यायाधीशाने तुमच्या ट्रॅफिक स्कूलच्या विनंतीचा विचारच न करणं नियमात बसत नाही. आधीच घाबरून ते सोडू नका.

७. 'अंतर सारखं नव्हतं' हे सिद्ध कसं करायचं?

सगळ्या पानाचा गाभा हाच आहे, म्हणून सावकाश वाचा.

ताशी १ मैल म्हणजे सेकंदाला सुमारे १.४७ फूट. समजा अधिकाऱ्याने तुम्हाला पाहिलं तेव्हा तो ५०० फूट मागे होता, आणि २० सेकंदांनी १०० फुटांवर आला. म्हणजे त्याने २० सेकंदांत ४०० फूट तोडले, सेकंदाला २० फूट. तेवढं अंतर तोडायला त्याला तुमच्यापेक्षा ताशी साडेतेरा मैलांहून जास्त वेगाने जावं लागलं. त्या वेळात त्याच्या काट्यावर ८० असतील, तर तुम्ही साधारण ६६ वर होतात. ८० चं तिकीट आणि ६६ चा खरा वेग, एवढा फरक फक्त 'गाठणं' आणि 'पेस करणं' यांच्या सरमिसळीतून येतो.

आता २५ मैलांच्या सीमारेषेवरचं उदाहरण. ६५ च्या हद्दीत ९२ लिहिलंय, म्हणजे २७ जास्त, आणि कारकुनाकडून ट्रॅफिक स्कूल नाही. अधिकाऱ्याने १५ सेकंदांत १५० फूट जवळ आल्याचं मान्य केलं, तर तो सुमारे सात मैलांनी जास्त वेगात होता. तुमचा वेग ८५ च्या आसपास येतो. उल्लंघन उरतंच, पण दंडाचा टप्पा बदलतो आणि ट्रॅफिक स्कूलचं दार उघडतं.

अधिकारी अर्थातच म्हणेल, "आधी गाठलं, मग अंतर स्थिर केलं, मग पेस केलं." ते खरंही असू शकतं. म्हणून विचारायचं ते हे, की पेस नक्की कुठे सुरू झाला, कुठे संपला, आणि दोन्ही वेळा अंतर किती होतं. एक सावधगिरीही हवी. मधलं अंतर वाढत होतं असं निघालं, तर तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त वेगात होतात. आपल्या आठवणीत नसलेली गोष्ट कोर्टात विचारून बघू नका.

८. पोलिसांचा स्पीडोमीटर चुकीचा असेल तर?

असू शकतो, पण यावर सगळी भिस्त ठेवू नका. टायर झिजले किंवा हवा कमी असली की चाकाचा घेर घटतो आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. २७ इंच व्यासाच्या टायरची पाव इंच जाडी झिजली तर व्यास अर्ध्या इंचाने कमी होतो, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. ८० चे साडेअठ्ठ्याहत्तर होतील, ६५ होणार नाहीत. तरीही स्पीडोमीटर शेवटचा कधी तपासला होता आणि त्याची नोंद आहे का, हे जरूर मागा (प्र. १०). नोंद नसेल तर प्र. ७ मधल्या मुद्द्याला जोड मिळते.

९. रात्री पेस केलं. ती गाडी माझीच होती कशावरून?

प्रश्न रास्त आहे. रात्री काही शे फुटांवरून दिसतात ते फक्त मागचे लाल दिवे, आणि रूपेरी टोयोटाच्या मागच्या दिव्यांसारखे दिवे फ्रीवेवर डझनभर सापडतात. अंतराचा अंदाजही अंधारात डळमळतो. मधल्या काळात ट्रक आडवा आला का, वळणावर किंवा चढाच्या पलीकडे गाडी नजरेआड झाली का, तुम्ही लेन बदललीत का, हे मुद्दे मांडा. अधिकाऱ्याने पूर्ण वेळ नजर हटली नाही असं ठामपणे सांगितलं, तर मात्र नुसत्या शक्यतेने भागत नाही. त्या जागेचा दिवसाचा आणि रात्रीचा फोटो हवा.

१०. अधिकाऱ्याचं टिपण आणि व्हिडिओ मिळतो का?

मागता येतो. तिकीट देणाऱ्या पोलीस खात्याला आणि काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीच्या कार्यालयाला लेखी विनंती पाठवा: तिकिटाच्या प्रतीमागचं टिपण, गाडीतल्या आणि अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण, त्या गाडीच्या स्पीडोमीटर तपासणीची नोंद. आपल्याकडे एक प्रत आणि पोस्टाची पावती ठेवा. हे पहिल्याच आठवड्यात करा, चित्रण कायमचं ठेवलं जात नाही. उत्तर आलं नाही तर सुनावणीच्या सुरुवातीलाच न्यायाधीशाला ते सांगा आणि पावती दाखवा.

११. कोर्टात न जाता लेखी लढता येतं का?

येतं. फॉर्म टीआर-२०५ भरून 'लेखी जबाबाने खटला' मागायचा. तिकिटावरची मुदत उलटलेली नसावी आणि प्रकरणात कोर्टात हजर राहणं सक्तीचं नसावं. दंडाची पूर्ण रक्कम आधी जमा करावी लागते, निर्दोष ठरलात तर परत मिळते. अधिकाऱ्यालाही लेखी जबाब द्यावा लागतो. त्याने दिलाच नाही, तर निकाल सहसा तुमच्या बाजूने लागतो.

हरलात तरी निकाल पाठवल्यापासून २० दिवसांच्या आत फॉर्म टीआर-२२० देऊन नव्याने, प्रत्यक्ष खटला मागता येतो. लेखी निकाल मग पुसला जातो. दोन संधी मिळतात म्हणून मी बहुतेकांना हाच रस्ता सुचवतो.

जबाब शपथेवर असतो. खोटं लिहिणं हा तिकिटापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा. कच्च्या आराखड्यात 'मी ६४ वर होतो' असं लिहून पाठवणारे बरेच भेटतात. तुम्हाला आकडा खरंच माहीत नसेल तर तो लिहू नका. अंतर कसं कमी होत गेलं, तुम्ही स्वतः काय पाहिलं, तेवढंच लिहा.

१२. सुनावणीत अधिकाऱ्याला काय विचारायचं?

सरकारी वकील बहुधा नसतो, ज्युरी नसते. अधिकारी, तुम्ही आणि न्यायाधीश. तरी इन्फ्रॅक्शन (फक्त दंडाचा किरकोळ गुन्हा) हा गुन्हेगारी कायद्याचाच भाग असल्याने आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. प्रश्न छोटे, शांत आणि एकेक विचारा:

"पहिल्यांदा माझी गाडी पाहिलीत तेव्हा आपण कुठे होतात?" "तेव्हा आपण थांबलेले होतात की चालत?" "किती वेळ पेस केलंत?" "सुरुवातीला किती अंतर होतं? शेवटी किती?" "ते कशावरून ठरवलंत?" "त्या वेळात आपला काटा एकाच आकड्यावर होता का?" "आपल्यामध्ये दुसरी गाडी होती का?"

रॅम्पवरून नुकताच फ्रीवेवर आलेला अधिकारी वेग वाढवत तुमच्यापर्यंत पोचतो आणि लगेच दिवे लावतो, तेव्हा स्थिर अंतराला जागाच उरत नाही. रॅम्प आणि थांबल्याची जागा यांतलं अंतर नकाशावरून मोजून आणा. अधिकाऱ्याशी वाद घालू नका. उत्तरं मिळवा आणि शेवटी न्यायाधीशाला गणित करून दाखवा.

१३. अधिकारी आलाच नाही तर?

बहुतेक वेळा तिकीट रद्द होतं. पण त्याने आधी तारीख वाढवून मागितलेली असू शकते. तयारी करूनच जा.

१४. माझ्याकडे डॅशकॅम आणि फोनवरचा जीपीएस आहे. दाखवू का?

आधी स्वतः नीट बघा. ६५ च्या हद्दीत ८० च्या तिकिटासाठी ७२ दाखवणारा जीपीएस आणलात, तर उल्लंघन तुम्हीच सिद्ध करता. फायदा फक्त दंडाचा टप्पा खाली येण्याचा. मागे बघणारा कॅमेरा असेल तर मात्र त्याच्याइतका चांगला पुरावा नाही, पोलिसांची गाडी जवळ येताना त्यात दिसते. इथल्या फ्रीवेवरचा लेनचा तुटक पट्टा आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून साधारण ४८ फूट भरतात, त्यावरून अंतर मोजता येतं.

१५. इंटरनेटवर वाचलं की रस्त्याचं सर्वेक्षण जुनं असेल तर तिकीट रद्द होतं. खरंय?

रडार आणि लेझरसाठी खरं, पेसिंगसाठी नाही. कलम ४०८०२ मध्ये 'स्पीड ट्रॅप'ची व्याख्या आहे. सर्वेक्षणाची अट इलेक्ट्रॉनिक साधनाने वेग मोजला तरच लागते. त्याच कलमानुसार रस्त्यावर मोजून खुणा केलेल्या दोन जागांमधला वेळ घेऊन वेग काढणंही स्पीड ट्रॅपच. पण मागे लागून काटा बघणं यात बसत नाही. सर्वेक्षणावर पानं खर्च केलेला लेखी जबाब पेसिंगच्या तिकिटावर वाया जातो.

१६. मागची गाडी साधीच दिसत होती, पोलिसांची वाटतच नव्हती. हे चालतं का?

मुख्यतः वाहतूक नियमनाच्या कामावर असलेल्या अधिकाऱ्याला गणवेश आणि वेगळ्या ठळक रंगातली गाडी लागते (कलम ४०८००). तसं नसेल तर कलम ४०८०४ खाली त्याची साक्ष घेता येत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. दुसऱ्या कामावर असलेल्या अधिकाऱ्याने जाता जाता दिलेल्या तिकिटाला हा मुद्दा लागू होत नाही. आणि हायवे पेट्रोलने २०२५ मध्ये आणलेल्या १०० डॉज ड्युरँगो गाड्या पटकन ओळखू येत नसल्या तरी त्यांवर खात्याचं चिन्ह असतं. 'मला ओळखू आली नाही' आणि 'चिन्ह नव्हतं' या वेगळ्या गोष्टी आहेत; फोटो असेल तरच हा मुद्दा घ्या.

१७. सगळेच त्या वेगाने जात होते. फक्त मलाच का?

मनाला लागतं खरं, पण २२३४९ मध्ये हा बचाव नाही. २२३५० मध्ये वाहतुकीचा ओघ हा सुरक्षिततेचा पुरावा म्हणून मांडता येतो (प्र. ४). दोन्ही ठिकाणी एक उपयोग मात्र होतो: सगळे सारख्याच वेगात होते, तर अधिकाऱ्याने तुमचीच गाडी कशी वेगळी ओळखली, हे विचारता येतं (प्र. ९).

१८. बाबा भारतातून आले होते, त्यांना तिकीट मिळालं, आणि ते पुढच्या महिन्यात परत चाललेत. आता?

सोडून देऊ नका. उत्तर न देणं हा वेगळा गुन्हा बनतो, आणि पुढच्या भेटीत तो डोक्यावर बसतो. लेखी जबाबाचा रस्ता (प्र. ११) अशांसाठी सोयीचा. जबाब मात्र त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्या सहीचा हवा, गाडीत शेजारी बसलेल्या तुम्ही तुमचा वेगळा जबाब जोडा. टपालासाठी इथला पत्ता द्या.

ते हजर राहू शकत असतील आणि इंग्रजी कोर्टात कमी पडणार असेल, तर दुभाषा कोर्टाकडून विनामूल्य मिळतो. मराठी दुभाषा लगेच सापडत नाही, म्हणून तारीख मिळताच मागणी नोंदवा. "हिंदी चालेल का?" असं विचारलं, आणि बाबांना हिंदीत अडखळायला होत असेल, तर स्पष्ट 'नाही' म्हणा. शपथेवरची साक्ष स्वतःच्या भाषेतच द्यावी.

१९. मी कॅलिफोर्नियात नाही. हेच नियम लागू होतात का?

अंतराचं गणित सगळीकडे सारखं, कायदा नाही. पेनसिल्व्हेनियात स्पीडोमीटरने वेग मोजताना किमान ०.३ मैल मोजणं आणि स्पीडोमीटर वर्षाच्या आत तपासलेला असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात अशी किमान अंतराची अट नाही. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल जास्त किंवा ८५ च्या वर गेलात तर ते 'रेकलेस ड्रायव्हिंग', म्हणजे थेट फौजदारी गुन्हा. तिथल्या मंडळींनी वकिलाशिवाय पाऊल टाकू नये.

२०. व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्वावर परिणाम होईल का?

साधं वेगाचं इन्फ्रॅक्शन देशाबाहेर काढण्याचं कारण ठरत नाही. धोका असतो तो लपवण्यात. नागरिकत्वाच्या अर्जात पोलिसांशी आलेल्या संबंधांबद्दल प्रश्न असतात, त्यांना खरं उत्तर द्या आणि निकालाची व दंडाची पावती जपून ठेवा. १०० च्या वरचं तिकीट, दारू, अटक किंवा न दिलेलं उत्तर यांपैकी काही असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा, अर्ज नंतर भरा.

२१. प्रत्यक्ष सुनावणीतही हरलो. आता काही उरलं का?

निकालापासून ३० दिवसांत अपील करता येतं. पण अपिलात साक्षी पुन्हा होत नाहीत, फक्त कायद्याची चूक झाली का ते पाहतात. 'न्यायाधीशाने पोलिसावर विश्वास ठेवला' ही कायद्याची चूक धरली जात नाही. तसा मुद्दा नसेल तर त्याच दिवशी, न्यायाधीशासमोरून हलण्याआधी, दोन गोष्टी मागा: ट्रॅफिक स्कूल (प्र. ६) आणि दंड हप्त्याने भरण्याची मुभा.